बांधीभर मैदान पुरे

डिसेंबरातली दुपार. गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यातलं एक लहानसं गाव. धान कापून झालेला, कडपा उचललेल्या, पुंजणे रचलेले, काहींची चुरणीही आटोपलेली. गावाला लागून असलेल्या एका रिकाम्या बांधीत आठ मुलं फुटबॉल खेळत होती. चार इकडे, चार तिकडे. तणसाच्या दोन पेंढ्या म्हणजे एक गोल. धसकटं त्यांनी तुडवून तुडवून जमिनीला लावलेली. चारी बाजूंनी धुरा, तीच सीमारेषा. शिट्टी नाही, पंच नाही, सर नाहीत.

शेजारच्या बांधीत लाखोळी हिरवीगार उभी होती आणि तिचा मालक दारात बसून तिच्यावर नजर ठेवून होता. म्हणून मुलांनी एक नियम करून टाकला होता. चेंडू धुऱ्यावरून उडून लाखोळीत गेला, की समोरच्यांना एक गोल फुकट.

मी तासभर धुऱ्यावर बसलो. त्या तासात चेंडू लाखोळीत दोनदाच गेला. एरवी तो जमिनीवरच फिरत होता, या पायातून त्या पायात. आरडाओरडा भरपूर, पण त्यात सूचना दोनच. एक, "लाखोळीत नोको मारू बे!" दुसरी, "मांगं पाह्य, मांगं!"

त्या आठांत एक मुलगी होती, पाचवी-सहावीतली. चेंडू तिच्याकडे यायच्या आधी ती मान वळवून मागे पाहायची. दरवेळी. एकदा तिच्या पाठीवर एक दांडगा पोरगा धावून आला. तिनं चेंडू अडवलाच नाही. आला तसा पायाच्या आतल्या बाजूनं डावीकडच्या गड्याला दिला आणि स्वतः त्या पोराला वळसा घालून पेंढ्यांकडे निघाली. चेंडू परत तिच्या पुढ्यात. गोल.

हे तिला लाखोळीनं शिकवलं. जागा अरुंद, उडवायला बंदी, अंगावर येणारा गडी ताकदीनं दुप्पट. मग आधी पाहायचं, वेळेवर द्यायचं, दिल्यावर जागा बदलायची, एवढंच हातात उरतं. फुटबॉलचे डावपेच म्हणतात ते हेच. त्यासाठी फळा लागत नाही. खेळ असा मांडावा लागतो, की डोकं चालवल्याशिवाय मुलाला पुढे सरकताच येऊ नये.

आता दुसरं चित्र. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मी एक शालेय सामना पाहिला होता. कोणत्या शाळांचा ते सांगत नाही, कारण ही गोष्ट त्या दोन शाळांपुरती नाही. चौदा वर्षांखालील मुलं. अकरा विरुद्ध अकरा. मैदान मोठ्यांचं. गोलपोस्ट मोठ्यांचा, म्हणजे २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. त्याखाली साडेचार फुटांचा गोलरक्षक दोन्ही हात वर करून उभा, तरी वर हातभर आभाळ मोकळंच. चेंडू जिकडे, तिकडे पंधरा मुलांचं मोहोळ. मोहोळाबाहेर तीन-चार मुलं गुडघ्यांवर हात ठेवून उभी. बाहेरून मोठी माणसं एकच शब्द ओरडत होती, "मार! मार!" मुलं मारत होती. चेंडू उडे, मोहोळ त्याच्यामागे धावे. जिंकला तो संघ, ज्यात एक पोरगा बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच आणि बराच वेगवान होता. तो संघ जिल्ह्याला गेला. त्या सामन्यात कोणाच्या डोक्यात नवं काही शिरलं असेल, असं मला वाटत नाही.

उजवीकडच्या रेषेजवळ उभा असलेला एक किरकोळ पोरगा माझ्या लक्षात राहिला. पूर्वार्धात त्याच्या पायाला चेंडू दोनदा लागला. मी मोजलं. दोनदा. घरी आई विचारेल, "खेळला का रे?" तो म्हणेल, "खेळलो." आणि आपण सगळे ते मान्य करणार.

हिशेब सोपा आहे. तासाभराचा सामना, चेंडू एक, मुलं २२. चेंडू सगळ्यांत सारखा वाटला गेला, थ्रो-इन आणि गोल किकमध्ये एक क्षणही गेला नाही, असं धरलं तरी एका मुलाच्या वाट्याला तीन मिनिटंसुद्धा येत नाहीत. तोच तास चार-चारमध्ये खेळा. साडेसात मिनिटं. चेंडू पायाशी असतानाच नजर, पाय आणि डोकं एकत्र चालतं. बाकी धावणं आहे, आणि धावायला आपल्या मुलांना फुटबॉल लागत नाही.

जमिनीचाही हिशेब करू, तो आपल्याला जास्त कळतो. १०० बाय ६४ मीटरचं मैदान म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत ६४ आर. दीड एकराच्या वर. आपल्याकडे कितीतरी कुटुंबांची सगळी धानशेती एवढ्यातच येते. त्यात दहा-अकरा वर्षांची २२ मुलं सोडायची आणि म्हणायचं, जागा शोधा. अरे, इथे जागाच जागा आहे! तिची किंमत त्यांना कळणार कशी? ३० बाय २० मीटरची बांधी फक्त ६ आर. तिथे पाऊल चुकलं की चेंडू गेला, पाऊल बरोबर पडलं की वाट उघडली. चूक लगेच दिसते, आणि ती दुरुस्त करायची संधी अर्ध्या मिनिटात परत येते.

धानाच्या शेतकऱ्याला हे निराळं समजवावं लागू नये. उताराचं सबंध रान एकसंध ठेवलं तर पाणी खाली वाहून जातं, वरची रोपं करपतात, खालची कुजतात. म्हणून आपण धुरे घालतो, रानाच्या बांध्या पाडतो, प्रत्येक बांधीची पातळी वेगळी ठेवतो. पाणी सगळ्यांना मिळावं म्हणून. शाळेच्या मैदानावर चेंडू सगळ्यांना मिळावा म्हणून तेच करायला कोणी का धजत नाही?

मैदानाच्या ६४ आरांत अशी आठ लहान मैदानं आरामात बसतात, मधली ये-जा सोडून. आठ मैदानं, प्रत्येकी आठ मुलं. ६४ मुलं एकाच वेळी खेळतील. आज २२ खेळतात, त्यातली काही उभी असतात, आणि उरलेली शाळा कडेला बसून टाळ्या वाजवते.

"पण सर, स्पर्धा तर अकराचीच असते ना?" हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. माझं उत्तर असं, की नेमकी तीच बदलायची आहे. जगानं कधीच बदलली. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं २०१२ मध्ये ठराव केला: सात-आठ वर्षांखालच्यांनी पाच-पाचचा खेळ खेळायचा, नऊ-दहा वर्षांखालच्यांनी सात-सातचा, अकरा-बारा वर्षांखालच्यांनी नऊ-नऊचा. अकरा-अकराचा सामना तेरा वर्षांखालील गटापासून. गोलपोस्ट आणि मैदान त्याच मापानं वाढत जातं. जिथे या खेळाचे नियम लिहिले गेले, त्या देशानं मान्य केलं, की मोठ्यांचा खेळ लहानांना जसाच्या तसा देऊ नये. जर्मनी आणखी पुढे गेली. २०२४-२५ च्या हंगामापासून तिथे सहा-सात वर्षांखालची मुलं अधिकृत खेळातच दोन-दोन किंवा तीन-तीन अशी खेळतात, चार छोट्या गोलांवर. चार वेळा विश्वचषक जिंकलेला देश सहा वर्षांच्या मुलाला तीन गड्यांत खेळवतो, आणि आपण चौथीच्या पोराला अकरांत उभं करून म्हणतो, डिफेन्स कर.

मँचेस्टर युनायटेडनं या शतकाच्या सुरुवातीला नऊ वर्षांखालील मुलांवर एक प्रयोग केला होता. आठ-आठचे सामने आणि चार-चारचे सामने शेजारी शेजारी ठेवून मोजदाद केली. चार-चारमध्ये पास १३५ टक्क्यांनी जास्त झाले, एकाला एक भिडण्याचे प्रसंग २२५ टक्क्यांनी जास्त. लक्षात घ्या, तुलना आठ-आठशी होती. अकरा-अकराशी केली असती तर काय दिसलं असतं, ते उजव्या रेषेजवळच्या त्या किरकोळ पोराला विचारा.

जर्मनीत रुजलेल्या चार गोलांच्या खेळामागे हॉर्स्ट वाइन या माणसाचं डोकं आहे. ते मूळचे हॉकीचे प्रशिक्षक. त्यांनी तीन-तीन गडी ठेवले आणि दोन्ही टोकांना एकेक गोल काढून दोन-दोन मांडले, एक डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या. एवढा एकच बदल. पण त्यानं मुलाची मान वर येते. उजवीकडचा गोल अडवला गेला, तर डावीकडचा मोकळा असणारच. तो पाहायचा तर चेंडूवरून नजर उचलावी लागते. आयुष्यभर खाली बघून धावणारा पोरगा आणि वर बघून खेळणारा पोरगा यांतला फरक त्या दोन जादा पेंढ्यांनी पडतो.

नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी तर अव्वल खेळाडूंचे चित्रीकरण करून त्यांच्या माना मोजल्या. चेंडू मिळण्याआधी कोण किती वेळा आजूबाजूला पाहतो ते नोंदवलं. जास्त पाहणाऱ्यांचे पास जास्त यशस्वी होते. "मांगं पाह्य, मांगं!" असं सडक अर्जुनीच्या बांधीतली मुलं ओरडत होती, ते उगाच नाही.

उरुग्वेचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. जेमतेम ३५ लाख वस्तीचा देश. गोंदिया आणि भंडारा मिळून २०११ च्या जनगणनेत २५ लाख होते, म्हणजे फार लांबचा फरक नाही. त्या देशानं १९३० आणि १९५० असे दोन विश्वचषक जिंकले. १९३० मध्येच तिथल्या मोंटेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकानं आवारात, छपराखाली खेळता येईल असा पाच-पाचचा खेळ बसवला. आज आपण त्याला फुटसाल म्हणतो. त्याचा चेंडू कमी उसळतो आणि अंगण लहान असतं, म्हणून पायाचा तळवा आणि डोकं दोन्ही चालवावं लागतं. पुढे दक्षिण अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या खेळाडूंचं बालपण याच खेळात गेलं. हे करणारा माणूस शिक्षक होता. मोठा क्लब नव्हता, मंत्री नव्हता. हाती असलेल्या जागेत मुलांना कसं खेळवायचं, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न होता.

आणि इतक्या लांब जायचीही गरज नाही. गोंदियाला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसा आणि १३० किलोमीटरवर नागपुरात उतरा. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं पाहिली आणि २००१ मध्ये काम सुरू केलं. स्लम सॉकर. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मुळे २०२२ मध्ये ते घराघरांत पोचलं. सिनेमा सगळ्यांनी पाहिला, टाळ्या वाजवल्या. त्यातून एक गोष्ट मात्र आपल्या शाळांनी उचलली नाही. ही मुलं ज्या बेघरांच्या विश्वचषकात खेळायला गेली, तिथला खेळच चार-चारचा आहे. तीन गडी आणि एक गोलरक्षक. मैदान २२ बाय १६ मीटर. सात-सात मिनिटांचे दोन भाग. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ही स्पर्धा सुरू झाली आणि तेव्हापासून जगभरातून खेळाडू त्या साडेतीन आरांत खेळायला येतात. विदर्भातली मुलं त्यात भारताचं नाव लावून उतरली. २०१६ मध्ये फिफानं विविधतेसाठीचा पुरस्कार स्लम सॉकरला दिला. जगानं मान दिलेलं हे उदाहरण आपल्याच विभागाच्या मुख्यालयात आहे, आणि गोंदियाच्या शाळा अजून अकरा जोडी बूट कुठून आणायचे या विवंचनेत आहेत.

कबड्डीकडे पाहा. हा खेळ आपल्या रक्तात आहे, गावागावात मंडळं आहेत. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. लहान मुलांचं ११ बाय ८. म्हणजे कबड्डीत आपण हे केव्हाच मान्य केलं आहे, की लहान मुलाला लहान मैदान. कोणाला त्यात कमीपणा वाटला नाही. आणि कबड्डीतली आपली मुलं पाहा किती डोक्यानं खेळतात! चढाई करणारा आला की कोपऱ्यातला किती सरकतो, कव्हरचा गडी केव्हा झेप घेतो, साखळी कुठे सैल सोडायची आणि कुठे आवळायची, हे नववीतला पोरगा न सांगता करतो. त्याला सापळा कळतो, अंतर कळतं, सोबत्याच्या पावलाचा अंदाज येतो. त्याच पोराला फुटबॉलच्या मैदानावर सोडलं की तो मोहोळात शिरतो. पोराच्या डोक्यात काही कमी नाही. आपण त्याला दिलेलं मैदान चुकीचं आहे.

आता शिक्षकांसाठी. मी पुस्तकी प्रशिक्षक नाही, पण गेली काही वर्षं मुलांसोबत हे करून पाहतो आहे, आणि जे चालतं ते सांगतो.

धुऱ्याचा खेळ मुलांना सगळ्यात आवडतो. गोल काढून टाका. समोरच्या टोकाच्या रेषेवर चेंडू नेऊन तळव्याखाली थांबवला की एक गुण. रेषा २० मीटर रुंद, तिच्यावर कुठेही चालेल. पहिली पाच मिनिटं सगळे मधूनच घुसतात. मग एखादं पोर कडेला जाऊन एकटं उभं राहतं, हात वर करतं, आणि कोणाला तरी सुचतं की त्याला द्यावं. त्या क्षणी 'मैदान रुंद करा' हा धडा पक्का होतो. मी तो शब्दांनी वर्षभर सांगून पाहिला होता, कोणाच्या डोक्यात गेला नव्हता.

दुसरा खेळ जोकरचा. तीन विरुद्ध तीन, आणि गळ्यात लाल दुपट्टा बांधलेला सातवा गडी. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांच्याकडून तो खेळतो. म्हणजे चेंडू असलेला संघ कायम चार, नसलेला तीन. एक गडी जास्त असल्याचा फायदा कसा उठवायचा, हे मुलं इथे शिकतात. दोघांत एकाला कोंडायचं: तो माझ्या अंगावर आला की तुला, तो तुझ्याकडे सरकला की मीच पुढे. मोठ्या सामन्यातला कोणताही सुंदर गोल उलगडून पाहा, तळाशी हाच दोनास एकचा डाव सापडेल. आणि दुपट्टा रोज वेगळ्याच्या गळ्यात घाला. कच्च्या पोराच्या गळ्यातही. त्या दिवशी त्याला चेंडू द्यावाच लागतो.

'मधला' तर सगळ्यांना येतो. चौघं कडेनं, एक मध्ये, चेंडू मधल्याला लागू द्यायचा नाही. बार्सिलोनाच्या अकादमीत यालाच रोंदो म्हणतात आणि मोठे खेळाडूसुद्धा तो रोज खेळतात. आपण त्याला वेळ घालवायचा खेळ समजतो.

मैदानाचं माप मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. फार लहान झालं की नुसत्या नडग्या फुटतात; फार मोठं झालं की पुन्हा पळणाराच जिंकतो. पेंढ्या चार पावलं आत-बाहेर सरकवा, दोन मिनिटं पाहा, पुन्हा सरकवा. लांबट बांधी असेल तर मुलं पुढे पाहायला शिकतात, आडवी असेल तर बाजूला. दोन्ही वापरा. आठ-दहा मिनिटांचे सामने ठेवा. जिंकणारे वरच्या बांधीत, हरणारे खालच्या बांधीत. पाच-सहा फेऱ्यांत बरोबरीची मुलं बरोबरीच्यांशी भिडतात. रडणं थांबतं आणि एकतर्फी धुलाई थांबते. जर्मनीतल्या मुलांच्या मेळाव्यांत अशीच वर-खाली चढउतार असते.

आणि तोंड आवरा. हे मी सगळ्यात कळकळीनं सांगतो. "इकडे दे, तिकडे जा, मार" असं सतत बाहेरून सांगितलं की मूल तुमच्या तोंडाकडे पाहतं, मैदानाकडे नाही. तुम्ही त्याच्या जागी विचार करता आणि त्याचं शिकणं तुम्ही खाता. दहा मिनिटांत एकदा खेळ थांबवा. जिथे आहेत तिथे उभं करा. विचारा, "तुझ्याकडे चेंडू आला तेव्हा मोकळं कोण होतं?" उत्तर त्याला शोधू द्या. चुकलं तर चुकू द्या. पुन्हा खेळ सुरू.

याच्या मर्यादाही आहेत. लांब पल्ल्याचा पास, उंच चेंडूवर डोकं लावणं, गोलरक्षकाचं मोठ्या गोलपोस्टाखालचं उभं राहणं, चार बचावपटूंची एक रेषा सांभाळणं, ऑफसाइडचा सापळा, हे बांधीत येत नाही. त्यासाठी तेरा-चौदाव्या वर्षी मोठ्या मैदानावर जावंच लागतं, आणि तिथेही आठवड्यातून दोन दिवस लहान मैदानावर परत यावं लागतं. पण आधी लहान, मग मोठं. पऱ्हे टाकल्याशिवाय कोणी रोवणी करत नाही.

आता जो मुद्दा मला झोपू देत नाही तो. आपल्या जिल्ह्यात सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव इथल्या जंगलालगतच्या गावांत जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट तोकडा आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं, यावर राज्यात वादावादी चालू असते. अशा शाळेत अकरा मुलांचा संघ आणि वर राखीव गडी कुठून आणणार? मुलींचा तर विचारच नको. म्हणजे अकराचा नियम पहिल्याच पायरीवर या शाळांना बाहेर काढतो. त्यांचा सामना कोणी हरत नाही. त्यांचा सामना होतच नाही. चौघं मात्र प्रत्येक शाळेत मिळतात. चार मुली मिळतात. दोन मुली आणि दोन मुलगे तर कुठेही मिळतात, आणि दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत त्यांनी एकत्र खेळायला काहीही हरकत नाही. अकरांच्या संघात कच्च्या मुलाला मागे लपवता येतं. चौघांत कोणालाच लपवता येत नाही. त्याला चेंडू द्यावाच लागतो, म्हणून त्याला शिकवावंही लागतं, आणि शिकवण्याचं हे काम त्याचेच सोबती करतात.

बांधीतल्या त्या मुलीच्या शाळेचा फुटबॉल संघ नव्हता. मी विचारलं तेव्हा तिच्या सरांनी खांदे उडवले नाहीत, मान खाली घातली. "अकरा मुली होतच नाहीत," म्हणाले. राग सरांवर नाही. ज्या मांडणीत ते अडकले आहेत, तिच्यावर आहे.

१५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारनं एकाच दिवशी दहा लाख मुलांना मैदानावर आणायचा संकल्प केला होता. सतरा वर्षांखालील विश्वचषक दारात होता, नवी मुंबईत सामने होणार होते, भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या दिवशी शाळाशाळांत चेंडू उडाले, आणि ते चांगलंच झालं. पण तो एक दिवस होता. मला पुढचे शनिवार हवे आहेत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१८ मध्ये लहानग्यांसाठी 'गोल्डन बेबी लीग' चालवायला घेतली होती. खेळ लहान, मैदान लहान, सामने महिनोन्‌महिने चालणारे. चौकट तयार आहे. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात चार-पाच केंद्रांवर, धान निघाल्यापासून उन्हाचा कडाका सुरू होईपर्यंत, दर शनिवारी सकाळी बारा वर्षांखालच्यांचे चार-चारचे मेळावे भरवता येतील. केंद्रप्रमुख, दोन शिक्षक, आठ चेंडू, चुन्याची पिशवी. तणस गावात आहेच. बाद पद्धत नको, करंडक नको. आज हरलेल्या शाळेला पुढच्या शनिवारी पुन्हा यायचं निमित्त हवं.

आणि चौदा वर्षांखालील स्पर्धा घेणाऱ्यांनी निदान तालुका पातळीवर सात-सातचा गट सुरू करावा. वरच्या पायरीवरचे नियम तुमच्या हातात नसतील. खालच्या पायरीवर मेळावा भरवायला कोणी अडवलेलं नाही.

त्या दुपारी उन्हं उतरली तरी मुलं थांबायला तयार नव्हती. लाखोळीचा मालक एव्हाना धुऱ्यावर येऊन माझ्याशेजारी बसला होता आणि कोण चांगलं खेळतं ते मला सांगत होता. मी मुलांना विचारलं, "फेब्रुवारीत लाखोळी निघाली की मग काय? मग तर चेंडू तिकडे गेला तरी चालेल."

दांडगा पोरगा खूश झाला. "मंग काय, मोठा मारू!"

ती मुलगी चेंडू पायाखाली दाबून उभी होती. "नाई," ती म्हणाली. "नियम राहीन. नाईतं तू निरा उडवतच राहशीन."

थोडी हुज्जत झाली. मग तिनं मागे वळून पाहिलं, चेंडू डावीकडे दिला आणि पेंढ्यांकडे निघाली.